संगणक बदलला, क्रम बदलला

गोदाघाट, गोविंदनगर आणि गोळे कॉलनी. नाशिककरांना ही तिन्ही नावे तोंडपाठ आहेत. औषधांच्या घाऊक बाजारामुळे गोळे कॉलनी तर बाहेरगावच्या औषध दुकानदारांनाही ठाऊक आहे. ही नावे अकारविल्हे लाव, असे एखाद्या शाळकरी मुलाला सांगितले, तर तो ती वर दिली आहेत त्याच क्रमाने लावील. ‘श ष स ह ळ क्ष ज्ञ’ हे त्याने घोकलेले असते. ळ चा नंबर व च्याच काय, ह च्याही नंतर लागतो, याबद्दल त्याच्या मनात शंका नसते.

संगणकाच्या मनात मात्र ती असते. एक संगणक त्या मुलासारखीच यादी देतो. दुसरा गोळे कॉलनीला उचलून गोविंदनगरच्या आधी बसवतो. दोन्हीकडे प्रोग्रॅम तोच, यादी तीच, दोघांपैकी एकही बिघडलेला नाही. मतदारयादीत किंवा हजेरीपटात असे झाले तर फार तर नाव शोधायला दोन मिनिटे जास्त लागतील. पण हाच क्रम जेव्हा एखाद्या औषधाचा परिणाम मोजणाऱ्या गणिताच्या पोटात शिरतो, तेव्हा गोष्ट गंभीर होते.

आधी ळ चे कोडे सोडवू. संगणकाला अक्षर कळत नाही, त्याला आकडा कळतो. प्रत्येक अक्षराला युनिकोड या जागतिक पद्धतीत एक क्रमांक दिलेला आहे. देवनागरीचे हे क्रमांक भारतात 1988 साली तयार झालेल्या ‘इस्की’ या मानकावरून घेतले गेले. इस्कीचा आराखडा सगळ्या भारतीय लिप्यांना एकाच साच्यात बसवणारा होता आणि त्या साच्यात ळ ची खुर्ची ल च्या शेजारी होती. त्यामुळे आजही क्रमांकांच्या रांगेत ल, ळ आणि मग व असे येतात. केवळ क्रमांक पाहून यादी लावणारा संगणक गोळे कॉलनी आधी घेतो. मराठी वर्णमालेची रीत वेगळी आहे, हे युनिकोडवाल्यांना माहीत नाही असे मुळीच नाही. भाषावार नियमांचा त्यांचा एक वेगळा संग्रह आहे आणि त्यात मराठीसाठी ह, ळ, क्ष, ज्ञ हाच क्रम नोंदवलेला आहे. प्रश्न एवढाच, की तुमच्या संगणकावरचा प्रोग्रॅम तो संग्रह उघडून पाहतो का.

आजारांची एक छोटी यादी घेऊन पाहा. मराठी रीतीने ती अशी लागेल: ॲनिमिया, कावीळ, खोकला, गोवर, हिवताप, क्षयरोग. नुसत्या क्रमांकांनी लावली तर कावीळ, क्षयरोग, खोकला, गोवर, हिवताप, ॲनिमिया. पहिला शेवटी गेला आणि शेवटचा दुसरा झाला. क्षयरोगाचे कारण सोपे आहे. संगणकाच्या लेखी क्ष हे स्वतंत्र अक्षर नाहीच. तो क, मग हलन्ताचे चिन्ह, मग ष असे तीन तुकडे पाहतो आणि शब्द क च्या पोटात टाकतो. (आपल्याकडेही काही कोशांत क्ष चे शब्द क मध्येच असतात, तेव्हा संगणकाला एकट्याला हसण्यात अर्थ नाही.)

ॲनिमियाची कथा अधिक मजेची आहे. ‘ॲ’ हे अक्षर मराठीच्या गरजेपोटी युनिकोडमध्ये 2008 साली आले. तोपर्यंत ह पर्यंतचे सगळे क्रमांक वाटून झाले होते, म्हणून उशिरा आलेल्या पाहुण्यासारखे त्याला मागच्या रांगेत बसावे लागले. त्याआधीपासून बरेच जण अ लिहून त्यावर चंद्र टाकत आणि अजूनही टाकतात. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाला ते दोन निराळे शब्द वाटतात. एका टंकलेखकाचा ॲनिमिया यादीच्या तळाशी जातो, दुसऱ्याचा अ च्या शब्दांमध्ये राहतो, आणि एकाचा शोध घेतला तर दुसरा बहुधा सापडत नाही. रुग्णांच्या नोंदी मराठीत ठेवणाऱ्या कोणालाही हे ठाऊक असायला हवे.

आता ‘आर’कडे वळू. आर ही आकडेवारीच्या विश्लेषणासाठी जगभर वापरली जाणारी संगणक भाषा. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी ती 1990 च्या दशकात रचली. तिची पहिली पक्की आवृत्ती 29 फेब्रुवारी 2000 रोजी आली. ती फुकट मिळते, म्हणून वैद्यकीय संशोधनात तिचे चलन मोठे आहे. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय आपल्या नाशिकमध्येच, म्हसरूळला आहे. 1998 साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या छत्राखाली राज्यभरातले पदव्युत्तर विद्यार्थी दरवर्षी प्रबंध लिहितात. प्रबंध म्हटला की रुग्णांचे तक्ते आले, तक्ते आले की संख्याशास्त्र आले, आणि संख्याशास्त्रासाठी आर किंवा तसलेच एखादे साधन आले.

शब्दांची यादी लावायची वेळ आली की आर स्वतः निर्णय घेत नाही. ती संगणकाच्या ‘लोकेल’ला विचारते. लोकेल म्हणजे संगणकाला सांगून ठेवलेला देश आणि भाषा: तारीख कशी लिहायची, दशांश चिन्ह कोणते आणि वर्णमाला कोणाची. शिवाय हे नियम कोणाकडून मागवायचे हेही ठिकाणागणिक बदलते. लिनक्स आणि मॅकवर आर बहुधा ‘आयसीयू’ नावाच्या सामायिक ग्रंथालयाकडे जाते, विंडोजवर साधारणपणे विंडोजचे स्वतःचे नियम लागू होतात. सर्व्हरवर तर पुष्कळदा लोकेल ठरवलेलेच नसते. तिथे ‘सी’ नावाचा मूळ नियम चालतो, तो फक्त अक्षरांचे क्रमांक पाहतो. इंग्रजीत कॅपिटल अक्षरांचे क्रमांक 65 ते 90 आणि लहान अक्षरांचे 97 ते 122 असल्यामुळे सी नियमात कॅपिटल झेडसुद्धा लहान ए च्या आधी येतो. इंग्रजी लोकेलमध्ये मात्र शब्दकोशासारखा क्रम लागतो.

आरच्या अधिकृत मार्गदर्शिकेतच बजावले आहे, की वर्णक्रमाबद्दल काहीही गृहीत धरू नका. उदाहरणे दिली आहेत ती युरोपातली. एस्टोनियन भाषेत झेड हा एस आणि टी यांच्या मध्ये येतो. डॅनिशमध्ये जोडून आलेले दोन ए एकच अक्षर मानतात आणि ते झेडच्याही नंतर बसते. आपला ळ त्या पंगतीत सहज शोभला असता.

आरमध्ये ‘फॅक्टर’ नावाची सोय आहे. ‘पुरुष–स्त्री’, ‘होय–नाही’, ‘औषध–नुसती गोळी’ असे गट असलेला रकाना दिला, की आर त्यातले वेगवेगळे शब्द गोळा करते, त्यांना क्रमाने लावते आणि पहिल्या शब्दाला पाया मानते. पुढची सगळी तुलना या पायाशी होते. पाया कोणता, हे तुम्ही सांगितले नाही तर ते वर्णक्रमावर ठरते. आणि वर्णक्रम लोकेलवर ठरतो, हे आपण आत्ताच पाहिले.

एक काल्पनिक चाचणी घेऊ. 100 रुग्णांना नवे औषध दिले, त्यांतल्या 25 जणांना गुंतागुंत झाली. दुसऱ्या 100 जणांना औषध दिले नाही, त्यांतल्या 40 जणांना झाली. शक्यतांचे गुणोत्तर काढले तर औषध घेणाऱ्यांत गुंतागुंत होण्याची शक्यता बाकीच्यांच्या तुलनेत 0.5, म्हणजे निम्मी येते. औषध चांगले आहे. आता ‘गुंतागुंत झाली का?’ या रकान्यात नोंद करणाऱ्याने इंग्रजीत ‘येस’ कॅपिटल वाय घेऊन लिहिले आणि ‘नो’ सगळे लहान अक्षरांत लिहिले, असे समजा. हे रोज होते; तक्ते भरणारी माणसे कॅपिटल-लहान मोजत बसत नाहीत. इंग्रजी लोकेलच्या लॅपटॉपवर ‘नो’ आधी आणि ‘येस’ नंतर लागतो. आर ‘नो’ला पाया मानते, ‘येस’ची शक्यता मोजते आणि 0.5 हे उत्तर देते. तीच फाइल, तोच प्रोग्रॅम सी लोकेलच्या सर्व्हरवर चालवला की कॅपिटल वायमुळे ‘येस’ आधी येतो. आता आर गुंतागुंत ‘न होण्याची’ शक्यता मोजते आणि उत्तर येते 2. लिहिणारा ते गुंतागुंतीचे गुणोत्तर समजूनच वाचतो. निम्मा धोका दुप्पट झाला!

गटांच्या बाबतीत निदान थोडा बचाव असतो. निकालाच्या तक्त्यात आर गटाचे नाव छापते, त्यामुळे तुलना कोणाची चालली आहे हे डोळे उघडे ठेवून पाहणाऱ्याला कळते. होय–नाहीच्या रकान्यात तसे नाव छापून येत नाही. तिथे उत्तर गुपचूप उलटते. आणि हल्ली निकालातला अमुक क्रमांकाचा आकडा उचलून थेट अहवालात टाकणारे स्वयंचलित प्रोग्रॅम वाढत चालल्याने मधे डोळे घालणारा माणूसच उरत नाही.

जिल्ह्याच्या पाहणीतही हेच. नाशिकचे 15 तालुके देवनागरीत लिहिले तर यादीत पहिला इगतपुरी. इंग्रजीत लिहिले तर पहिला बागलाण. आणि इंग्रजीत लिहिताना एकट्या बागलाणचे पहिले अक्षर लहान पडले, तर सी लोकेलमध्ये तो पहिल्यावरून थेट शेवटी जातो आणि पाया होतो चांदवड. कुपोषणाची किंवा लसीकरणाची तुलना इगतपुरीसारख्या डोंगराळ तालुक्याशी झाली की चांदवडशी, यावरून तक्त्यातला प्रत्येक आकडा बदलतो. गणित दोन्ही वेळा बरोबरच असते. वाचणाऱ्याला पाया सांगितलेला नसेल तर तो मात्र फसतो.

हे केवळ कागदावरचे भय नाही. 2019 मध्ये हवाई विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ फिलिप विल्यम्स आणि त्यांचे सहकारी एका नील-हरित शेवाळातून मिळालेल्या संयुगांची रचना ठरवत होते. अशा संयुगांतूनच पुढे औषधांचे उमेदवार शोधले जातात, म्हणून रचना अचूक कळणे महत्त्वाचे. रेणूची प्रत्यक्ष मोजणी आणि संगणकाने वर्तवलेली मोजणी जुळते का, हे ते पाहत होते. त्यासाठी वापरलेले प्रोग्रॅम पायथन या भाषेतले होते. ते पॅट्रिक विलोबी, थॉमस हॉय आदींनी लिहिले होते आणि 2014 मध्ये ‘नेचर प्रोटोकॉल्स’मध्ये प्रसिद्ध झाले होते. शंभराहून अधिक शोधनिबंधांत त्या कामाचा उल्लेख झालेला. हवाईच्या चमूने तोच प्रोग्रॅम त्याच फाइलींवर वेगवेगळ्या संगणकांवर चालवला. विंडोज 10 आणि मॅकच्या मॅव्हरिक्स आवृत्तीवर एक आकडा 173.2 आला. मॅकच्याच नव्या मोहावी आवृत्तीवर 172.7 आणि उबुंटू लिनक्सवर 172.4.

फरक एक टक्क्याहूनही कमी. पण रेणूची रचना ‘अशी की तशी’ हे ठरते ते नेमक्या एवढ्याशाच फरकांवर.

कारण शोधले तेव्हा ते रसायनात नव्हते, फाइलींच्या रांगेत होते. प्रत्येक रेणू अनेक आकारांत वळू शकतो. प्रत्येक आकाराच्या दोन फाइली असतात: एकीत ऊर्जा, दुसरीत चुंबकीय मोजणी. प्रोग्रॅम दोन्ही प्रकारच्या फाइलींच्या याद्या मागवायचा आणि पहिलीला पहिली, दुसरीला दुसरी अशी जोडी लावायचा. याद्या नावाप्रमाणे लागूनच येतील, हे त्याने गृहीत धरले होते. पायथनच्या मार्गदर्शिकेत स्वच्छ लिहिले आहे, की या आज्ञेने मिळणारी यादी कोणत्याही क्रमाने येऊ शकते. पण विंडोजची डिस्क नावे लावूनच ठेवते, जुन्या मॅकचीही तशीच ठेवायची, त्यामुळे लिहिणाऱ्यांना कधी शंकाच आली नाही. पुढे ॲपलने डिस्कची रचना बदलली, तिथे ही सवय राहिली नाही. लिनक्समध्ये तर नावांवर एक गणिती प्रक्रिया करून येणाऱ्या आकड्यांप्रमाणे फाइली बाहेर पडतात, माणसाला तो क्रम निव्वळ विस्कटलेला वाटतो. परिणामी एका आकाराची ऊर्जा दुसऱ्याच आकाराच्या मोजणीशी जुळवली गेली. लग्नाच्या मांडवात नवरा एकीकडचा आणि नवरी दुसरीकडची, असला प्रकार! आणि तरीही संगणकाने तक्रार न करता उत्तर दिले. हवाईच्या चमूने प्रोग्रॅममध्ये यादी आधी क्रमाने लावायची आज्ञा घातली आणि सगळे संगणक एकमताने बोलू लागले.

या घटनेतली माझ्या मते सर्वांत अस्वस्थ करणारी बाब म्हणजे मधली पाच वर्षे. प्रोग्रॅम प्रतिष्ठित नियतकालिकात तपासून छापला गेला, अनेक प्रयोगशाळांत चालला, आणि ज्यांच्याकडे विंडोज होते त्यांना बरोबर उत्तरे मिळत राहिली.

साधा संगणक अद्ययावत केल्यानेही क्रम बदलू शकतो. लिनक्समध्ये वर्णक्रमाचे नियम ‘जीलिबसी’ नावाच्या मूलभूत ग्रंथालयात असतात. ऑगस्ट 2018 मध्ये आलेल्या त्याच्या 2.28 या आवृत्तीत हे नियम नव्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे बदलले. ‘11’ आणि ‘1-1’ या दोन नोंदी घ्या, एखाद्या रुग्णालयातले केसपेपरचे क्रमांक समजा. इंग्रजी लोकेलमध्ये जुन्या नियमाने 11 आधी येत होता, नव्याने 1-1 आधी येऊ लागला. ‘पोस्टग्रेस’सारख्या डेटाबेसमध्ये यातून मोठाच घोळ होऊ शकतो. डेटाबेस नोंदींची सूची लावून ठेवतो आणि शोधताना पुस्तक अर्ध्यावर उघडावे तसा मधूनच सुरुवात करतो. कोश छापून झाल्यावर वाचकाची वर्णमालाच बदलली तर काय होईल? शब्द कोशात असतो, पण वाचक भलत्याच पानावर शोधतो आणि ‘नाही’ म्हणून परततो. डेटाबेसही तसेच म्हणतो: असा रुग्ण नोंदलेला नाही. मग त्याची दुसऱ्यांदा नोंद होते. म्हणूनच असे अद्ययावतीकरण केल्यावर शब्दांच्या सूच्या नव्याने बांधून घ्या, असा सल्ला पोस्टग्रेसच्या जाणकारांनी तेव्हा दिला. ही कामे बाहेरच्या कंत्राटदाराकडे सोपवणाऱ्या रुग्णालयांनी एवढा एक प्रश्न त्याला जरूर विचारावा.

आर सांभाळणाऱ्यांनीही पुढे बदल केले. पूर्वी तक्ता वाचताना आर शब्दांचे रकाने आपणहून फॅक्टरमध्ये बदलत असे. एप्रिल 2020 मध्ये आलेल्या 4.0.0 आवृत्तीपासून तिने हे थांबवले. दिलेल्या कारणांत लोकेलनुसार बदलणारा क्रम हे एक कारण उघडपणे नोंदवले होते. तक्ते हाताळण्यासाठी फार लोकप्रिय असलेल्या ‘डीप्लायर’ या जोड-संचानेही 2023 च्या जानेवारीत आपली यादी लावण्याची आज्ञा डीफॉल्ट सी नियमावर आणली, म्हणजे संगणक कोणताही असो, क्रम एकच.

गणितासाठी हे ठीकच आहे. तिथे क्रम सुंदर असण्यापेक्षा ठाम असणे महत्त्वाचे. पण सी नियम म्हणजे मराठी यादीत ळ पुन्हा ल शेजारी आणि ॲनिमिया पुन्हा तळाला. तेव्हा कामाची विभागणी करणेच शहाणपणाचे. माणसांनी वाचायची यादी असेल, रुग्णांची नावे, औषधांची सूची, दवाखान्यांचे पत्ते, तर मराठीचा नियम मुद्दाम मागवावा. आरमध्येही तो नाव घेऊन मागता येतो. ॲ मात्र आधीच एका पद्धतीने लिहून घ्यावा, नाहीतर नियमही हतबल होतो.

आणि जिथे आकडेमोड आहे तिथे पाया वर्णक्रमावर सोडूच नये. फॅक्टर बनवताना गटांचा क्रम हाताने लिहून द्यावा: आधी ‘नो’, मग ‘येस’, आधी औषध न मिळालेला गट, मग मिळालेला. एका ओळीचे काम आहे. दोन फाइली जोडायच्या असतील तर रांगेवरून न जोडता नोंदणी क्रमांकावरून जोडाव्यात. प्रबंधाच्या शेवटी आरची ‘सेशन इन्फो’ ही आज्ञा चालवून आलेला मजकूर चिकटवावा. त्यात ऑपरेटिंग सिस्टीम, आरची आवृत्ती आणि लोकेल असे तिन्ही छापून येते. मार्गदर्शकांनी तपासताना विद्यार्थ्याला तोच प्रोग्रॅम वेगळ्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या एखाद्या संगणकावर चालवून आणायला सांगावे. महाविद्यालयात विंडोज असेल तर घरी कोणाकडे तरी मॅक असतो, नाहीतर लिनक्स फुकट मिळते. दोन्हीकडचे आकडे शेवटच्या दशांशापर्यंत जुळले पाहिजेत असे नाही, पण 0.5 चे 2 झाले तर ते तिथेच, परीक्षकाच्या आधी दिसेल.